चुलीचे दोन आणे

व्हायोला मिरांडाला आणि मला पगार एकच होता, महिना पंच्याऐंशी रुपये. फोर्टातल्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत आम्ही दोघी एकाच दिवशी टायपिस्ट म्हणून लागलो आणि शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. फरक पगाराच्या संध्याकाळी पडायचा. मी पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायची आणि आई त्यातले आठ रुपये मोजून माझ्यापुढे ठेवायची. त्या आठांत महिन्याची ट्रॅम, दुपारचा चहा, केसांच्या पिना आणि चपलेचा अंगठा तुटला तर तोही. व्हायोलाची आई तिला तीस रुपये ठेवू द्यायची. मी सतरा वर्षांची, ती अठराची. एका वर्षाच्या मोठेपणाला बावीस रुपये जास्त, हे मला कधी पटलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसले असते. पण तिच्याकडे मोटार होती.

काळी, ठेंगणी, लढाईच्या आधीची मॉरिस. तिच्या वडिलांनी ती विलायतेला परत जाणाऱ्या कुणा साहेबाकडून स्वस्तात घेतली होती. दादरला पोर्तुगीज चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. वडिलांनी तिला कॅडल रोडवर पहाटे गाडी शिकवली आणि पंचावन्नच्या पावसाळ्यात ते वारले. आई, म्हणजे रूथबाई, मोटार विकायला निघाल्या. व्हायोलानं दोन दिवस जेवण सोडलं. शेवटी रूथबाईंनी अट घातली: गाडीनं स्वतःचं पोट स्वतः भरायचं. पगारातला एक पैसा तिच्यावर घालायचा नाही. जानेवारीअखेर विम्याचे सत्तर रुपये भरायचे होते. ते गाडीच्या कमाईतून उभे राहिले तर ठेवायची, नाही तर फेब्रुवारीत विकायची.

हे सगळं व्हायोलानं मला कचेरीत टाइप करता करता सांगितलं आणि म्हणाली, "कांता, तू हिशोब ठेव ना. तुझ्यासारखं डोकं माझं नाय चालत."

हिशोबाचं डोकं मला होतं, ते खानावळीमुळे. लालबागला आमच्या चाळीत माझी आई अठरा गिरणी कामगारांना जेवण घालायची. वडील गिरणीत साच्यावर होते, पण घर चालायचं ते आईच्या चुलीवर. आईला अक्षर येत नव्हतं. कोण किती वेळा जेवला, कुणाचा खाडा झाला, कुणाकडे मागचं काय राहिलं, ते सगळं मी वहीत लिहायची. राधाबाईंच्या, म्हणजे आईच्या, खानावळीत हिशोबात एका पैची चूक नाही, असं लोक म्हणायचे. ते कौतुक राधाबाईंचं नव्हतं, माझं होतं, हे मला ठाऊक होतं आणि मी ते जपून ठेवलं होतं. सांगण्यासारखं तेवढंच होतं माझ्याकडे.

ऑक्टोबरपासून गाडी सुरू झाली. मागच्या बाकावर तिघी: बँकेतल्या सुभद्राबाई, टेलिफोनवरची मीनाक्षी आणि सचिवालयातल्या कौसल्याबाई. भाडं घेतलं तर पोलीस धरतील, म्हणून तिला वर्गणी म्हणायचं. प्रत्येकीची महिना अठरा रुपये. मी लालबागच्या नाक्यावर चढायची आणि पुढे व्हायोलाशेजारी बसायची. मला वर्गणी नव्हती. "तू हिशोब ठेवतेस, तुझ्याकडून कसले पैसे?" व्हायोला म्हणाली. तिनं चांगल्या मनानं म्हटलं, पण मला ते फुकटच्या जेवणासारखं लागलं. मागच्या तिघी पैसे देऊन बसत होत्या आणि मी उपकारावर.

पहिल्या महिन्याला चोपन्न आले. पेट्रोलला अठ्ठावीस, गाडी उभी करायच्या छपराला आठ, शिल्लक अठरा. चार महिन्यांचे बहात्तर. विमा भरून वर दोन रुपये उरत होते. मी कागद व्हायोलापुढे ठेवला तेव्हा तिनं माझ्या गालाचा मुका घेतला. सगळ्या कचेरीनं पाहिलं.

तिचं सगळं असं उघड्यावर असायचं. गाडी वळवताना ती उजवा हात खिडकीतून बाहेर काढायची, आणि त्या हाताकडे बघून ट्रकवालेसुद्धा थांबायचे. आमच्या नाक्यावर तिनं हॉर्न वाजवला की चाळीतली पोरं धावत सुटायची. बाया गॅलरीत यायच्या. मी त्याच गॅलरीत जन्माला आले, मॅट्रिकला गणितात चाळीत पहिली आले, तेव्हा कुणी बाहेर डोकावलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटत होता. उगाच चांगलं नाव कशाला द्यायचं? सकाळी डोळा उघडला की तो सुरू व्हायचा आणि कचेरीत तिच्या टाइपरायटरचा आवाज माझ्यापेक्षा भरभर आला की अजून वाढायचा.

पण खरी ठिणगी पडली आईमुळे. एका शनिवारी व्हायोला जेवायला आली. आईनं तिला सुरमईची मधली तुकडी वाढली. आमच्याकडे मधली तुकडी पैसे देणाऱ्यांच्या ताटात जाते. घरच्यांना डोकं आणि शेपूट, हा नियम मी दात आल्यापासून पाळत होते. व्हायोलानं बोटं चाटली, मावशी मावशी करत चुलीपाशी जाऊन बसली, आणि आई मला म्हणाली, "बघ गो ह्या चेडवाक. बापूस गेलो, पण हातातली मोटार सोडूक नाय." अठरा जणांच्या वह्या मी लिहिते त्याचं काही नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी व्हायोला आईला महालक्ष्मीला घेऊन गेली. आई जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसली. पुढे बसली, माझ्या जागेवर. मी मागे. आईनं लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी धरला होता आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी आणलेल्या पाकिटांनी कधी आला नव्हता. परत येताना तिनं व्हायोलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. मी खिडकीतून भायखळ्याची दुकानं बघत राहिले.

त्याच आठवड्यात सुभद्राबाईंनी गाडीत विषय काढला. दिवाळीला त्या आठ दिवस गावी गेल्या होत्या. बसलेच नाही त्या दिवसांचे पैसे मी का द्यावेत, असं त्यांचं म्हणणं. मीनाक्षीनं लगेच री ओढली. तिची आठवड्याची सुटी फिरती असायची, तिचेही तीन दिवस बुडले होते. व्हायोला भांबावली. तिला कुणाशी भांडता येत नसे. तिनं समोर बघतच मला विचारलं, "कांता, तुमच्या खानावळीत काय करतात?"

मी म्हटलं, "खाडा कापतात."

हे खरंच होतं. पण अर्धं. आमच्याकडे कामगार रात्री सांगून ठेवायचा, उद्या माझा खाडा. मग आई तेवढे तांदूळ कमी मोजायची. एका जेवणाचे सहा आणे धरलेले असत. खाड्याला त्यातले चार परत मिळायचे. दोन आणे आई ठेवून घ्यायची, त्यांना आम्ही चुलीचे दोन आणे म्हणायचो. माणूस जेवला नाही म्हणून खोलीचं भाडं थांबत नाही, कोळसा कमी जळत नाही. लालबागमधली कुठलीही खानावळवाली चुलीचे आणे सोडत नाही. सोडले तर महिन्याभरात चूल विझेल. ते दोन आणे मी रोज वहीत वेगळ्या रकान्यात लिहीत होते.

आणि मोटारीला तर सगळीच चूल. एक बाई आली नाही तरी पेट्रोल तेवढंच जळणार, छपराचे आठ रुपये तेवढेच. हे मला सुभद्राबाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आधी कळलं होतं. कळलं आणि मी गप्प बसले. व्हायोला हसून म्हणाली, मग आपणही तसंच करू, दिवसाचे बारा आणे कापू. मागच्या तिघी खूश झाल्या. मीही कुणाचं वाईट केलं नव्हतं, फक्त विचारलं तेवढं सांगितलं होतं. असं मी स्वतःला त्या दिवशी दहा वेळा समजावलं.

पुढे खाडे वाढत गेले. पैसे परत मिळतात म्हटल्यावर लोकांना सुट्या सुचतात. सुभद्राबाई शनिवारी भावाबरोबर जाऊ लागल्या. नोव्हेंबरात एकवीस तारखेला शहर बंद राहिलं होतं, गोळीबार झाला होता, त्या दिवसाचाही तिघींचा खाडा धरला. डिसेंबरात नाताळ, मग कौसल्याबाईंचा ताप. मी प्रत्येक खाडा नीट लिहायची. व्हायोला महिनाअखेरीला डब्यातली शिल्लक बघायची आणि म्हणायची, "एवढेच? असू दे, पुढच्या महिन्यात होईल." मी मान डोलवायची. घरी येऊन पानं वाढताना मला भूक जास्त लागायची.

जानेवारीत रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राकडे जाणार. मग जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लालबाग-परळमध्ये रस्त्यावर दगड, टायर, पोलिसांच्या गाड्या, संचारबंदी. आमच्या खानावळीतल्या बाबुरावांच्या पोटरीत गोळी घुसून निघाली. गिरण्या बंद, पण अठराच्या अठरा माणसं दोन्ही वेळा जेवायला घरात. आई दार लावून भाकऱ्या थापत होती, मी बाबुरावांच्या पायाला पट्टी बांधत होते आणि मनात मोजत होते: आज तिघींचा खाडा, उद्याही तिघींचा. माणसं मरत होती आणि मी खाडे मोजत होते. त्या आठवड्यात खानावळीत एकही खाडा नव्हता आणि मोटारीला सगळे खाडेच. याची लाज मला तेव्हा वाटली नाही. नंतर वाटली, ती अजून आहे.

महिनाअखेर डब्यात बेचाळीस रुपये होते. अठ्ठावीस कमी.

फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी व्हायोला आमच्या घरी आली. पायी, नाक्यापासून. जेवणारे यायला अजून तास होता, आई तांदूळ निवडत होती. व्हायोला चुलीपाशी तिच्या नेहमीच्या जागी बसली आणि सांगू लागली. एका गॅरेजवाल्यानं गाडी अकराशेला ठरवली होती, पन्नास रुपये बयाणा दिला होता. उद्या दुपारी दोनला तो गाडी न्यायला येणार. त्याच्या आधी बयाणा परत केला तर व्यवहार मोडता येत होता, आणि रूथबाई तेवढ्यालाही तयार होत्या. फक्त अठ्ठावीस रुपये गाडीच्याच हक्काचे असायला हवेत, पगारातले किंवा उसने नव्हेत.

"तुमच्या खानावळीच्या हिशोबानं चाललो मावशी," ती म्हणाली, "पण मोटारीला तो झेपला नाय. कांतानं सगळं बरोबर लिहिलं. माझंच नशीब."

आईचा हात सुपात थांबला. "खाडे कापलात?"

"हो ना. दिवसाचे बारा आणे."

"आणि चुलीचे?"

व्हायोलाला कळलं नाही. "कसले चुलीचे?"

आईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ती वाट बघत होती. मला बोलायला तिनं पुरता वेळ दिला. सांगायचं तरी काय होतं? सुभद्राबाईंना आणि मीनाक्षीला उद्या सकाळी गाठ, म्हणावं हिशोब चुकला, कांतानं चुकवला, खाड्याचे पैसे परत द्या. तिघींचे मिळून तीस रुपये निघत होते. त्या कुरकुरल्या असत्या, पण दिले असते. गाडीच्या हक्काचेच पैसे होते ते. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. मी खाली वाकले आणि सांडलेले चार तांदूळ वेचू लागले.

आईनं सूप पुन्हा हलवलं. "काय नाय बाय," ती व्हायोलाला म्हणाली. "मोटारीक चूल खय असता. बरोबर केलात तुम्ही."

व्हायोला उठली, आईच्या गळ्यात पडली, थोडी रडली आणि गेली. जिना उतरल्याचा तिचा आवाज बंद होईपर्यंत आईनं सूप हलवलं. मग सुपातले खडे बाहेर टाकत म्हणाली, "माझ्या तोंडान खोटा बोलवून घेतलंस. पोटची पोर म्हणून मी झाकलंय. उद्या दुपारपर्यंत तूच जाऊन सांग तिका. मी सांगूचंय नाय."

शनिवारी मी कचेरीत गेले नाही. सकाळी साडेनऊला दादरला उतरले आणि चर्चमागच्या गल्लीत शिरले. दोन वाजायला साडेचार तास होते. तेवढ्यात तिघींना गाठता आलं असतं. गल्लीच्या तोंडाशीच मला गाडी दिसली. व्हायोला फ्रॉक गुडघ्याला खोचून ती धूत होती, विकायची गाडी, दुसऱ्याच्या ताब्यात जाणारी, तरी चाकांच्या आतसुद्धा फडकं घालून पुसत होती. रूथबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी उठून लेकीच्या हातातलं फडकं घेतलं आणि दुसऱ्या बाजूची काच स्वतः पुसायला लागल्या. शेजारची म्हातारी कपात चहा घेऊन आली, एक कप व्हायोलाला, एक रूथबाईंना.

मोटार जाणार होती तरी तिच्याकडे सगळं होतंच. मी रात्रभर जागले, पण आमच्या घरात माझ्यापुढे कुणी चहाचा कपसुद्धा धरला नव्हता. तो विचार किती नीच होता ते मला तिथे उभ्या उभ्याही समजत होतं. समजून काय उपयोग? पाय पुढे गेले नाहीत. मी परत फिरले आणि दोन वाजेपर्यंत शिवाजी पार्कच्या कठड्यावर बसून राहिले.

घरी आल्यावर आईनं फक्त विचारलं, "गेललंस?" मी नाही म्हटलं. तिनं खिळ्यावरची वही काढली आणि ती बाबुरावांच्या हातात दिली. त्यांचा पाय अजून बांधलेला होता, कामावर जाता येत नव्हतं. तुमचं अक्षर बरं आहे, आजपासून हिशोब तुम्ही लिहा, असं आईनं त्यांना सांगितलं. बाबुरावांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटं मांडायला घेतली. त्या रात्री चुलीच्या दोन आण्यांचा रकाना त्यांनी मलाच विचारून आखला.

सोमवारी लालबागला ट्रॅम आली तेव्हा खालच्या मजल्यावर खिडकीशी व्हायोला बसली होती. दादरहून येताना तिनं शेजारची जागा पिशवी ठेवून माझ्यासाठी धरली होती आणि माझं तिकीटही काढून ठेवलं होतं. तिचे डोळे सुजले होते, पण ती माझ्याकडे बघून हसली. चिंचपोकळीपर्यंत ती ट्रॅमबद्दलच बोलत होती, किती हळू जाते, किती स्वस्त पडते. मग म्हणाली, "मम्मीनं अकराशे माझ्या नावानं पोस्टात ठेवलेत. मी तिला सांगितलं, त्याची वही कांताच ठेवेल. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाय."

मी तिला त्या दिवशीही सांगितलं नसतं. मी स्वतःला ओळखते. पण स्वतःच्या आईनं शनिवारीच माझ्यासमोर वही उचलून दुसऱ्याकडे दिली होती आणि ही पोरगी मला अकराशे रुपये देत होती. ते मला सहन झालं नाही. भायखळ्याच्या पुलावर मी तिला सगळं सांगितलं. चुलीचे दोन आणे काय असतात ते, मला कधीपासून माहीत होतं ते, शुक्रवारी आईनं काय विचारलं ते, शनिवारी मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते तेही. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. क्रॉफर्ड मार्केट यायला लागलं तेव्हा तिनं एकच विचारलं.

"का गं?"

"तुझं बघवत नव्हतं," मी म्हटलं.

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं थोबाडीत मारेल, आणि मारावी असंही वाटलं. तिनं पिशवी उचलली, ट्रॅम थांबायच्या आत दांडीला धरून उभी राहिली आणि उतरली. कचेरी अजून मैलभर लांब होती. खिडकीतून मला ती दिसत होती, गर्दीतून सरळ, खांदे न पाडता, कुणाला धक्का न देता चाललेली. माझ्या जागी ती असती तरी तशीच चालली असती. एवढं सगळं करून, एवढं सगळं सांगून टाकून, ट्रॅममध्ये तिनंच काढलेलं तिकीट हातात धरून मी बसले होते, आणि तिच्या त्या चालण्याचासुद्धा मला हेवा वाटला.